परतीचा आहेर

इपेकूर
१७ फेब्रुवारी १९९४

भाची नुमालिन,

आम्ही जिवंत आहोत, हे आधी लिहितो. बाकीचं सावकाश वाच.

वादळ आलं आणि गेलं. जाताना केळी, कंदांचे वेल आणि अर्ध्या गावाची छपरं घेऊन गेलं. मिशनच्या देवळाचा पत्रा उडाला तो नेमका खऱ्या विमानाला बोलवायला आम्ही बांधलेल्या बांबूच्या विमानावर येऊन पडला. दोन्ही मोडली. पास्टर इलायजा म्हणाला, हा देवाचा कोप आहे. मी म्हटलं, कोणाच्या देवाचा ते आधी ठरव, कारण पत्रा तुझा होता. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, आणि गावात तेवढीच एक शांतता आहे.

धावपट्टी मात्र शाबूत आहे. माझ्या बापाने भावांना घेऊन रान तोडून ती केली, ती कॅप्टन बिलीसाठी. बिली गोऱ्यांच्या मोठ्या लढाईच्या दिवसांत बापाबरोबर एका भांड्यात जेवला. आपल्यासारखाच काळा, पण डोक्यावर गोऱ्यांची टोपी. सामान आपले पूर्वजच धाडतात, गोरे ते वाटेत अडवतात, हे गुपित त्यानेच बापाला सांगितलं आणि सामानाचं विमान घेऊन परत येतो म्हणून गेला. मिशनवाले म्हणतात, बिली एव्हाना मेला असेल. मेला तर मेला. सामान मेलेलेच तर धाडतात. आम्ही दर शुक्रवारी गवत कापतो, झेंडा चढवतो, खांद्यावर बांबू घेऊन कवायत करतो. या शुक्रवारीही केली, पोटात काही नसताना.

तुझ्या बहिणीला, कासालीला, पाचवा महिना आहे. मागच्या खेपेसारखं होणार नाही असं मी सगळ्यांना सांगतो. कशाच्या जोरावर सांगतो ते विचारू नकोस. मागच्या वेळी तिला होडीत घालून दवाखान्याकडे निघालो आणि मूल लाटांवरच गेलं. तुम्हा बहिणींना भाऊ नाही, म्हणून नाव द्यायचा मान माझा होता. ते नाव माझ्या तोंडातच राहिलं.

तुझा मामा,
नालाऊ

⁂

पोर्ट व्हिला
३ मार्च १९९४

मामा,

तुमचं पत्र खोबऱ्याच्या बोटीवरच्या माणसाने आणून दिलं. त्याला वाटलं मी रडेन, आणि मी पत्र्याचं वाचून हसत सुटले. कासालीचं वाचल्यावर हसू थांबलं.

मी हल्ली मदतकार्याच्या कचेरीत कारकून आहे. इथे गोदामभर तांदूळ आणि ताडपत्र्या पडून आहेत. आपल्याकडचा धक्का वादळात मोडला, सामानाची मोठी बोट लागत नाही, म्हणून कुणी हलत नाही. काल आमच्या मोठ्या बाई, डॉरिन बाई, नकाशावर बोट ठेवून उसासे टाकत होत्या. मी म्हटलं, बाई, माझ्या गावाला धावपट्टी आहे, सरकारी पट्टीवर गुरं चरतात, आमच्या पट्टीवर गवताची काडी उभी राहत नाही. त्यांना खरं वाटेना. कोणतं विमान उतरतं तिथे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अजून उतरलं नाही, पण तयारी पूर्ण आहे.

मामा, छोटं विमान उतरू द्या. पट्टी बिलीची आहे, मला ठाऊक आहे, मीही लहानपणी तिथलं गवत उपटलंय. पण बिली कोणत्या विमानातून काय धाडेल ते आपण कोण ठरवणार? आणि माझा स्वार्थही सांगते. पायलटने एकदा पट्टी चांगली म्हटली, की आजाऱ्यांना नेणारं विमानही तिथे उतरू शकेल. कासालीला मला पुन्हा होडीत पाहायचं नाही.

तुमची,
नुमालिन

⁂

इपेकूर
२१ मार्च १९९४

भाची,

कारकून झालीस आणि जीभ तासून घेतलीस. बरं झालं, घराण्यात कुणाला तरी लागतेच.

तुझं पत्र मी नाकमालात, पुरुषांच्या बैठकीत, वडाखाली वाचून दाखवलं. त्यानंतर सगळे मुळं वाटून केलेला कावा इतका प्यायले की मत द्यायला कुणी उठू शकेना. म्हातारा कापालू म्हणाला, दुसऱ्याच्या विमानाने जागा अडवली आणि नेमका तेव्हाच बिली आला तर तो काय वर घिरट्या घालत बसेल? यावर बराच वाद झाला. शेवटी मी म्हटलं, पाहुणा कोणाचा ते त्याच्या ओझ्यावरून कळेल. उतरू दे.

पण एक अट आहे, आणि ती तुझ्या बाईंना नीट सांग. आपल्या दारी भरल्या हाताने आलेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही. घेतलं आणि परत दिलं नाही, तर घेणारा देणाऱ्याचा पोर होतो. आम्ही कुणाचे पोर नाही. विमान भरून येईल तसं भरून जाईल. डुकरं वादळातून वाचली आहेत, ती आम्ही तयार ठेवतो.

नालाऊ

⁂

पोर्ट व्हिला
९ एप्रिल १९९४

मामा,

ही चिठ्ठी पायलटच्या हातीच देते आहे, म्हणजे विमान पोचलं की चिठ्ठीही पोचली. अट बाईंना सांगितली आहे, काळजी नसावी. पायलट उंच आणि घाईचा आहे, त्याला कावा देऊ नका, त्याला परत उडायचं आहे. कासालीला माझी आठवण सांगा.

नुमालिन

⁂

इपेकूर
१४ एप्रिल १९९४

नुमालिन,

विमान उतरलं. माझ्या बापाने ज्यासाठी जन्म घालवला ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि कापालू तर जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला. आम्ही झेंडा चढवला, बांबू खांद्यावर घेऊन रांगेत उभे राहिलो. इथवर सगळं ठीक झालं.

मग खोकी उघडली. तांदूळ होता, माशांचे डबे होते, ताडपत्र्या होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. बाकीच्या खोक्यांत जाड लोकरीचे कोट होते. उंच टाचांचे बायकांचे जोडे होते. गळ्यात बांधायच्या रंगीत पट्ट्या होत्या. पास्टर इलायजा म्हणाला, पाहा, माझ्या प्रार्थनेला फळ आलं. मी म्हटलं, तूच मागितले असतील तर हे जोडे तूच घाल. कापालूचं मत पडलं की पूर्वजांची नजर आता अधू झाली असावी. कोट घालून तो दिवसभर घाम गाळत बसला, कारण धाडलेलं नाकारायचं नसतं. टाचांचा मात्र उपयोग सापडला, त्यांनी कंद लावायला सरळ भोकं पडतात.

आता खरं ते सांगतो. आम्ही डुकरं धुऊन, रंगवून, पाय बांधून पट्टीवर आणली होती. कंद रचले होते, काव्याची मुळं होती, बायकांनी विणलेल्या चटया होत्या. पायलट म्हणाला, नाही. त्याच्याबरोबर एक कॅमेरावाली पोरगी होती, ती डुकरं पाहून हसली. तिने आमच्या हातात तांदळाचं पोतं दिलं, त्यावरचं चिन्ह दिसेल असं धरायला लावलं, आणि रांगेत उभं केलं. आम्हाला रांगेत उभं राहायची सवय आहे, आम्ही राहिलो. फोटो काढला आणि विमान रिकामं उडालं.

रिकामं. सगळ्या गावादेखत. नांगी कापलेल्या खेकड्यासारखे आम्ही तिथे उभे होतो. माझ्या आजाच्या काळात एवढ्यावरून लढाई झाली असती. मी पट्टीवर ओंडके आडवे टाकले आहेत. परतीचा आहेर उचलेपर्यंत त्या बाईचं कोणतंही विमान इथे उतरणार नाही.

तू अट सांगितली होतीस ना?

नालाऊ

⁂

पोर्ट व्हिला
२ मे १९९४

मामा,

नव्हती सांगितली. सांगितली असती तर बाईंनी विमान धाडलंच नसतं, म्हणून खोटं लिहिलं. आता रागवा.

पत्र आल्यावर मात्र सांगितली. बाई म्हणाल्या, त्यांना म्हणावं ही भेट आहे, परत काही द्यायचं नसतं. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे याला शिवी म्हणतात. त्यांना ते गोड वाटलं, आणि त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. बाई वाईट नाहीत, मामा. सगळ्यांआधी येतात आणि सगळ्यांनंतर जातात. पण डुकरं घ्यायची त्यांना मुभा नाही. त्यांच्यावर समुद्रापलीकडे साहेब आहेत, त्यांना त्यांनीही कधी पाहिलेलं नाही. ते सामान धाडतात. दर महिन्याला आम्ही त्यांना ठरलेल्या शब्दांत अहवाल लिहितो, पोत्यावर त्यांचं चिन्ह वर धरून फोटो धाडतो. शब्द चुकला किंवा चिन्ह दिसलं नाही तर पुढचं सामान येत नाही. म्हणून तो फोटो. तोच तुमचा परतीचा आहेर समजा. तुम्ही दिला, त्यांनी घेतला, फिटंफाट झाली.

ओंडके काढा. कासालीला आठवा लागेल आता.

नुमालिन

⁂

इपेकूर
१५ मे १९९४

नुमालिन,

खोट्याचं नंतर पाहू. आधी हे सांग, तुमची कचेरी आमच्याच मार्गाची आहे हे इतके दिवस का लपवलंस? ज्यांना कधी पाहिलं नाही ते समुद्रापलीकडून सामान धाडतात. त्यांचं चिन्ह वर धरायचं, ठरलेले शब्द ठरल्या दिवशी म्हणायचे, आणि चुकलं तर सामान येत नाही. तुमची बाई आमच्या कापालूपेक्षा कडक दिसते. आम्ही निदान शुक्रवारीच करतो. मग तिला आमचं का कळू नये?

आणि फोटो म्हणजे आहेर नव्हे. माझा चेहरा त्यांनी नेला, आणि माझी डुकरं इथे ठेवून माझा मानही नेला. म्हणजे ते दोनदा घेऊन गेले आणि मी एकदाही दिलं नाही. हा हिशेब तुला शाळेत शिकवला नसेल, मला माझ्या आजाने शिकवला.

मी दगड आहे असं समजू नकोस. कासालीच्या पायांना सूज आहे. ती माझ्या खांद्यावर वाढली, तिचं पाऊल दारात वाजलं की मला कळतं ती बरी आहे की नाही. हल्ली वाजत नाही. रोज पहाटे मी पट्टीवर जातो, ओंडक्याला हात लावतो आणि परत येतो. पण आज काढला तर ती भिकाऱ्याची पोर म्हणून त्या विमानात चढेल, आणि तिचं मूल जन्मभर दुसऱ्याच्या मेहेरबानीखाली राहील. मूल जगावं आणि ताठ जगावं, एवढंच मला हवं आहे. दोन्ही मागणं जास्त आहे का?

नालाऊ

⁂

पोर्ट व्हिला
२७ मे १९९४

मामा,

हो, जास्त आहे. आधी जगू दे. ताठ की वाकडं ते त्याचं त्याला ठरवू दे. तुमच्या तोंडात एक नाव अडकलं म्हणून तुम्ही अजून हळहळता. दुसरं अडकलं तर ओंडके ऐकून घेणार आहेत का तुमचं? हे लिहिलं याचा मला पश्चात्ताप नाही.

आता काम ऐका. मी बाईंपुढे पुन्हा गेले, या वेळी त्यांच्या शब्दांत. म्हटलं, गावाला आपला वाटा उचलायचा आहे. अहवालात त्यासाठी एक रकाना आहे, 'स्थानिक सहभाग', तो नेहमी कोराच राहतो आणि साहेब त्यावरून बोलतात. बाई खुर्चीतून उठल्याच. तुमच्या लेखी जो परतीचा आहेर आणि जो नियमात बसत नाही, तो त्या रकान्यात एकदम बसला. डुकरं येतील, इथल्या दवाखान्याच्या स्वयंपाकघराला दिली जातील, बाई स्वतः घेतील. विमान १० जूनला येतंय. खरं लिहिते आहे. या वेळी बाईंची सही सोबत आहे.

ओंडके काढा. डुकरं जाऊ देत, आणि पट्टी मोकळी राहू दे म्हणजे पुढच्या फेरीत कासालीला आणता येईल.

नुमालिन

⁂

इपेकूर
१० जून १९९४

नुमालिन,

कासाली तिथे आहे, म्हणजे काय झालं ते तुला ठाऊक आहे. कसं झालं ते ठाऊक नाही. पायलट परत फिरून ताडपत्र्या आणणार म्हणतो, त्याच्या हाती द्यायला लिहून ठेवतो.

ओंडके आम्ही काढले. डुकरं पुन्हा धुतली, रंगवली. सकाळीच कासालीच्या कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधी. सुईण म्हणाली मूल आडवं आहे, आणि हात पुसून बाहेर येऊन बसली. ती एकदा हात पुसून बसली की पुढे काय असतं ते गावाला माहीत आहे.

विमान उतरलं. पायलटने डुकरं पाहिली, झोळीत घालून आणलेली कासाली पाहिली, आणि म्हणाला, यातलं एकच. दोन्हीचं वजन हे यंत्र उचलणार नाही. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. पास्टर इलायजासुद्धा.

कापालू म्हणाला, "नालाऊ, डुकरं ठेवलीस तर विमान पुन्हा रिकामं जाईल."

मी म्हटलं, "रिकामं कसं? माणूस जातोय."

"ती त्यांच्या मेहेरबानीवर जातेय."

तेव्हा मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हे मूल आम्ही त्या बाईला दिलं. मूल वाढेल इथेच, पण नाव ती देईल. डुकरापेक्षा मोठा आहेर आपल्यात तेवढा एकच आहे, हे वडाखाली बसणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक आहे. कापालूने टोपी काढली आणि झोळीचं एक टोक स्वतः उचललं.

कासाली शुद्धीवर होती. माझं मनगट धरून म्हणाली, "मामा, नाव तर तुम्ही ठरवून ठेवलं होतंत."

मी म्हटलं, "छे, अजून ठरवलंच नव्हतं."

नुमालिन, ठरवलं होतं. मुलगी झाली तर माझ्या आईचं. हे तिला सांगू नकोस. इतकं दुखल्याशिवाय दिलं असतं तर तो आहेर झालाच नसता. पण दुखतंय खूप, आणि ते बोलायला मला इथे कोणी नाही, म्हणून तुला लिहितो. पट्टीवर बसून आहे. डुकरं शेजारी बांधलेली आहेत, तीही वरच बघतायत.

ती कशी आहे ते कळव. बरं नसलं तरी कळव.

नालाऊ

⁂

पोर्ट व्हिला
१८ जून १९९४

मामा,

मुलगी झाली. पोट चिरून काढावी लागली, दोघी जगल्या. डॉक्टर म्हणाले, होडीत असत्या तर दोघी गेल्या असत्या. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. मागच्या पत्रात मी बोलले ते मागे घेते. तुम्ही जे दिलंत ते माझ्याकडून दिलं गेलं नसतं.

तुमचा निरोप मी डॉरिन बाईंना सांगितला. त्या फुलं घेऊन आल्या, पोरीला हातात घेतलं, आणि नाव त्यांनीच द्यायचं म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नाव ठेवलं ग्लॅडिस, त्यांच्या आईचं. त्यांना वाटतं हा मान आहे, दाराला हार घालावा तसा. नाव दिलं म्हणजे पोरीचा पहिला दात, पहिलं जावळ, पहिला कंदाचा घास, प्रत्येक वेळी नाव देणाऱ्याने काहीतरी धाडायचं असतं, हे त्यांना ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही. आजवर मी त्यांच्यासाठी तुमच्याशी खोटं बोलले, आता तुमच्यासाठी त्यांच्याशी गप्प राहते.

आणखी एक. अहवाल आधीच गेला होता. कागदावर तुमची डुकरं व्हिलात पोचली, शिजली, आणि रोग्यांनी आनंदाने खाल्ली. साहेबांनी त्या रकान्याचं फार कौतुक केलं आहे. तेव्हा डुकरांना जरा आडोशाला ठेवा.

कासाली विचारते, मामा रागावलेत का. मी काय सांगू?

नुमालिन

⁂

इपेकूर
२ जुलै १९९४

भाची,

तिला सांग, मामा रागावलाय आणि दोन वेळ जेवतोय.

बाईंना काही सांगू नकोस. आहेर घेतला आणि कळलं नाही, यात आपला काही दोष नाही. न कळणाऱ्याशी कधी कधी असं वागावं लागतं, लहान मुलाशी वागतो तसं.

काल विमान पुन्हा आलं. पायलट तांदळाची पोती खाली टाकायला लागला आणि सवयीने डुकरांकडे घाबरून बघायला लागला. मी म्हटलं, डुकरं नाहीत आज. आम्ही दिलेलं आहे, आता पाळी तुमची. ही पोती पोरीपोटी आली असं समजतो, इथे रचून ठेव. त्याने खांदे उडवले आणि नीट रचून ठेवली. कॅमेरावाली पोरगी पोतं धरा म्हणाली. कापालू तिला म्हणाला, या खेपेला तू धर, आणणारी तू आहेस. तिने धरलं. नुमालिन, त्या पट्टीवर आजवर उतरलेलं हे पहिलं सामान, जे आम्ही मान खाली न घालता घरात नेलं. पोरीच्या मानाने तांदूळ फारच थोडा आहे, पण सोयऱ्यांशी घासाघीस करायची आपली रीत नाही.

रात्री नाकमालात सगळ्यांनी ग्लॅडिस हे नाव म्हणून पाहिलं. कुणालाच नीट जमलं नाही. कापालूला तर तीन करवंट्या कावा पिऊनही नाही. मीही म्हणून पाहिलं. जमेल हळूहळू, तोंड माझंच आहे.

कासालीची जखम भरली की दोघींना घेऊन ये, उगाच तिथे थांबू नका. आणि पायलट पुन्हा वजनाचं काढेल. त्याला म्हणावं, जागा नसेल तर तांदूळ उतरव.

तुझा मामा,
नालाऊ